लिफ्ट नको, जिन्याने उतरा!

डिप्रेशनची गोळी कशी सुरू झाली, हे मोकळेपणाने सांगणारे आता बरेच भेटतात. पण ती थांबवताना काय होतं? ‘मी बरी झालेय, आता कशाला गोळ्या’ असं म्हणत एका शुक्रवारी परस्पर गोळी बंद करणाऱ्या एका शहाणीची ही गोष्ट. ती शहाणी म्हणजे मीच!

तुम्हाला कधी डोक्यात शॉक बसलाय? ‘बातमी ऐकून शॉक बसला’ तसा नाही हो. खराखुरा, इस्त्रीची वायर उघडी पडल्यावर बसतो तसा! मला बसला. कर्वे रोडवर, भर ट्रॅफिकमध्ये, बसच्या खिडकीशी बसलेली असताना. मी नुसती मान वळवून बाहेर पाहिलं आणि डोक्याच्या आत ‘झर्रर्र’ झालं. एक सेकंदभरच. पुन्हा नजर फिरवली, पुन्हा झर्रर्र. शेजारच्या काकूंकडे पाहिलं. त्या निवांत पर्समधले सुट्टे पैसे शोधत होत्या. म्हणजे हा कार्यक्रम फक्त माझ्यासाठीच चालू होता.

डेक्कनला उतरले तर पाय कापसावर ठेवल्यासारखे. मळमळत होतं, घाम फुटला होता आणि काही कारण नसताना रडू येत होतं. समोरून येणारा कॉलेजचा ग्रुप खो-खो हसत होता, त्याचाही राग आला. ‘सकाळी पोहे खाल्ले नाहीत म्हणून असेल,’ अशी मी स्वतःची समजूत घातली. पोह्यांचा काहीही दोष नव्हता. दोष होता तो चार दिवसांपूर्वी संपलेल्या एका स्ट्रिपचा. ती मी पुन्हा आणलीच नव्हती.

मी बरी आहे ना, मग?

थोडं मागे जाऊ या. अडीच वर्षांपूर्वी मला डिप्रेशनचं निदान झालं होतं. तेव्हा मी एका ऑफिसात नोकरी करत होते. सकाळी उठून आंघोळ करणं हेसुद्धा मला त्या वेळी डोंगराएवढं काम वाटायचं. सायकिअॅट्रिस्ट मॅडमनी एस्सिटॅलोप्रॅम नावाची गोळी सुरू केली, रोज १० मिलीग्रॅम. सोबत कौन्सेलिंग. आणि खरं सांगते, त्या गोळीने मला हात दिला. दीड-दोन महिन्यांत मी माणसात आले. पुढे नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं, कोथरूडला मैत्रिणीबरोबर वन बीएचके घेतला, आयुष्य रुळावर आलं.

आणि मग सुरू झाला तो आपल्या सगळ्यांच्या डोक्यातला किडा. मी बरी आहे, तर गोळी कशाला? त्यात एका लग्नात काकूने पर्समधली स्ट्रिप पाहिली. ‘अगं, या गोळ्यांची सवय लागते बरं का! लग्न ठरताना कळलं तर?’ मी हसून विषय बदलला, पण शब्द रुतला तो रुतलाच. त्यानंतरच्या शुक्रवारी स्ट्रिप संपली. केमिस्टचं दुकान घराखालीच, तरी मी गेले नाही. मॅडमना फोन केला नाही. रूममेटला नाही, आईलाही नाही. सिगारेट सोडणारे लोक एका झटक्यात सोडतात ना, तसंच काहीतरी पराक्रमाचं वाटत होतं.

पहिले दोन दिवस छान गेले. ‘बघा, काही होत नाही!’ असं मी आरशाला सांगितलंसुद्धा. मग आला मंगळवार आणि तो बसमधला शॉक.

अकरा पावलांचा हॉल

शॉक परवडले, पण त्यानंतर जे आलं त्याला मी आजही नीट नाव देऊ शकत नाही. घालमेल म्हणा, तगमग म्हणा. खुर्चीत बसलं की उठावंसं वाटे, उठलं की आडवं व्हावंसं वाटे, आडवं झालं की पाय वळवळायला लागत. पुण्यातल्या ब्रेकफास्टच्या जागांवर एक लेख द्यायचा होता, फक्त १२०० शब्दांचा. मी एक वाक्य लिहायचे, उठून पाणी प्यायचे, बाल्कनीत जायचे, परत यायचे आणि तेच वाक्य खोडायचे. डेडलाइन गेली. एडिटरचा फोन आला, मी तो उचललाच नाही.

बुधवारी आईचा साताऱ्याहून फोन आला. ‘बाळा, आवाज असा का येतोय? जेवलीस का?’ एवढंच विचारलं तिने. आणि मी तिच्यावर अशी काही ओरडले की पलीकडे नुसती शांतता. ‘बरं, ठेवते,’ म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मी आईवर असं कधीच ओरडले नव्हते. डिप्रेशनच्या सगळ्यात वाईट दिवसांतसुद्धा नाही.

गुरुवारच्या रात्री झोप नावालाही नव्हती. आमचा हॉल ते किचन अकरा पावलं आहे. त्या रात्री मी ती मोजली. अकरा जायची, अकरा यायची. दोन वाजले, तीन वाजले. डोक्यात एकच रेकॉर्ड चालू. ‘आजार परत आला. म्हणजे मी कधी बरी झालेच नव्हते. म्हणजे हे असंच राहणार.’ आणि त्यापाठोपाठ, ‘हे असंच राहणार असेल तर मग नकोच सगळं,’ असाही एक विचार येऊन गेला. त्या विचाराला मी प्रचंड घाबरले. त्या भीतीनेच मी आत जाऊन रूममेटला उठवलं. ‘माझ्याजवळ बस,’ एवढंच म्हणाले. तिने काही विचारलं नाही. पांघरूण घेऊन आली आणि सकाळपर्यंत माझ्याबरोबर सोफ्यावर बसली. त्या आठवड्यात मी केलेली एकमेव शहाणपणाची गोष्ट म्हणजे तिला उठवणं!

‘कोणाला विचारून?’

शनिवारी तिनेच मला ओढत मॅडमकडे नेलं. मी रडत रडत सुरुवात केली, ‘मॅडम, माझं डिप्रेशन परत आलंय.’ त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘गोळी चालू आहे ना?’

‘नाही. बंद केली.’

‘कधी?’

‘आठ दिवस झाले.’

‘कोणाला विचारून?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण मॅडम म्हणाल्या, ‘अगं, बरंच झालं आलीस ते. हे डिप्रेशन परत आल्यासारखं दिसत नाही. गोळी अचानक सुटली म्हणून शरीर ओरडतंय.’

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आपल्या मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं. एका पेशीने सोडलेलं हे रसायन परत आत ओढून घेणारे छोटे पंप असतात. माझी गोळी या पंपांना अडवते. महिनोन् महिने असं झालं की मेंदू त्या परिस्थितीशी जुळवून घेतो, आपली सगळी मांडणी त्या हिशोबाने करतो. गोळी एकदम काढून घेतली की मांडणी जुनीच राहते आणि खालचा आधार मात्र गेलेला असतो. ती पुन्हा बसेपर्यंत चक्कर, मळमळ, झोप उडणं, भडक स्वप्नं, चिडचिड, अस्वस्थता आणि डोक्यातले ते शॉक. या शॉक्सना इंग्रजीत ‘ब्रेन झॅप्स’ असं झक्कास नाव आहे. नाव झक्कास, अनुभव अजिबात नाही!

‘मग काकू म्हणते ते खरंच का? सवय लागली?’ मी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, ‘तुला गोळीची तल्लफ येते का? एकाच्या दोन घ्याव्याशा वाटतात का? नाही ना? मग ते व्यसन नाही. पण शरीराने जुळवून घेतलंय, हेही खरं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.’

आजार परतलाय की गोळी सुटतेय, हे ओळखायच्या तीन खुणाही त्यांनी सांगितल्या. एक, वेळ. गोळी सुटल्याचा त्रास साधारण काही दिवसांतच सुरू होतो, आजार मात्र बहुतेक वेळा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हळूहळू डोकं वर काढतो. दोन, लक्षणं. शॉक, चक्कर, तोल जाणं या गोष्टी माझ्या मूळच्या डिप्रेशनमध्ये कधीच नव्हत्या. तीन, गोळी पुन्हा सुरू केली की सुटण्याचा त्रास बहुतेकदा काही दिवसांत कमी होतो. आजाराला त्याहून बराच जास्त वेळ लागतो.

माझी गोळी पुन्हा सुरू झाली. तिसऱ्या दिवशी शॉक थांबले, आठवडाभरात घालमेलही ओसरली. हॉल पुन्हा नुसता हॉल झाला.

शेवटच्या पायऱ्या सगळ्यात उंच

‘पण मॅडम, मला खरंच बंद करायची आहे,’ मी पुढच्या भेटीत म्हटलं. मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, ‘करू या ना! पण तू चौथ्या मजल्यावरून उडी मारलीस. आपण जिन्याने उतरू.’

इथे मला जे कळलं ते ऐकून मी थक्क झाले. आपल्याला वाटतं, गोळी अर्धी केली की परिणामही अर्धा होतो. तसं नाही! मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट सायकिअॅट्री’ या जर्नलमध्ये हे गणित मांडलं. माझ्या गोळीची सख्खी बहीण म्हणजे सिटॅलोप्रॅम. तिचा २० मिलीग्रॅमचा डोस मेंदूतले सुमारे ८० टक्के पंप अडवतो. आणि ५ मिलीग्रॅमच्या आसपासचा डोस? तोही सुमारे ६० टक्के! म्हणजे २० वरून ५ वर आलात तरी मेंदूला फरक जाणवतो तो वीसेक टक्क्यांचा. पण ५ वरून शून्यावर गेलात की एकदम साठ टक्क्यांचा खड्डा. आपण नेमके तिथेच म्हणतो, ‘आता काय, उरलीच आहे इवलीशी, टाकू सोडून!’ म्हणून शेवटी शेवटी पायऱ्या लहान लहान करायच्या. ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ सायकिअॅट्रिस्ट्सनेही २०२० मध्ये सामान्य लोकांसाठी काढलेल्या माहितीत हाच हळूहळू उतरण्याचा सल्ला दिला.

‘मग एक दिवसाआड घेतली तर?’ हा माझा पुढचा हुशार प्रश्न. मॅडमनी मान हलवली. माझ्या गोळीचं रक्तातलं प्रमाण साधारण तीस तासांत निम्म्यावर येतं. दिवसाआड घेतली तर मेंदूला रोज वर-खाली असा झोपाळा! काही गोळ्या याहून लवकर उतरतात. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन त्यासाठी प्रसिद्ध आहेत. उलट फ्लुऑक्सेटिन शरीरात बरेच दिवस रेंगाळते, त्यामुळे तिचा त्रास अनेकदा कमी किंवा उशिरा जाणवतो. म्हणूनच मैत्रिणीचा हिशोब आपल्याला लागू पडत नाही.

आता घाबरवून सोडायचा माझा अजिबात हेतू नाही. सगळ्यांना असा त्रास होत नाही. २०२४ मध्ये याच जर्नलमध्ये जवळपास ७९ अभ्यासांचा एकत्रित आढावा छापून आला. अँटीडिप्रेसंट थांबवल्यावर ३१ टक्के लोकांना काही ना काही लक्षणं जाणवली. गंमत म्हणजे, नुसती साखरेची गोळी थांबवणाऱ्यांपैकीही १७ टक्के लोकांना जाणवली! म्हणजे गोळीमुळेच त्रास होणारे साधारण सहा-सातांत एक. तीव्र त्रास होणारे त्याहून खूपच कमी, पस्तिसात एक. मात्र यातले बरेच अभ्यास थोडेच महिने गोळी घेतलेल्यांवरचे होते. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना त्रास जास्त होऊ शकतो, असं काही तज्ज्ञांचं म्हणणं आहे.

आणि नाण्याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या एका मोठ्या चाचणीत, बरं वाटत असलेल्या आणि दीर्घकाळ गोळी घेणाऱ्या लोकांचे दोन गट केले. वर्षभरात गोळी चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांचा आजार उलटला, तर थांबवलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांचा. म्हणजे काहींसाठी गोळी चालू ठेवणं हाच शहाणपणा असतो. त्यात कमीपणा कसला? चष्मा लावणाऱ्याला आपण ‘कधी सोडणार’ असं विचारतो का?

तगमग आली की काय करायचं?

माझा जिना असा होता : १० वरून साडेसात, मग ५, मग अडीच, मग सव्वा. प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे, शेवटच्या दोन पायऱ्यांवर त्याहून जास्त. हा माझा हिशोब आहे, तुमचा नाही. तो तुमच्या डॉक्टरांनीच मांडायचा. प्रत्येक पायरीनंतर तीन-चार दिवस थोडी घालमेल व्हायचीच. पण आता ती काय आहे हे मला ठाऊक होतं, आणि अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते, बॉस! बाकीच्या अर्ध्या लढाईसाठी मला उपयोगी पडलेल्या या गोष्टी.

दहा मिनिटांचा करार. ‘हे कधी संपणार’ हा प्रश्न विचारला की तगमग दुप्पट होते. त्याऐवजी मी मोबाइलवर दहा मिनिटांचा टायमर लावायचे. फक्त एवढी दहा मिनिटं काढायची. मग पुढची दहा. लाट येते, चढते आणि उतरते, हे टायमरनेच मला शिकवलं.

पायांना काम द्या. बसवत नसेल तर बसू नका! मी सोसायटीच्या गच्चीवर फेऱ्या मारायचे, भांडी घासायचे, एकदा तर रात्री अकराला कपाट लावलं. अंगात आलेली वीज कुठेतरी खर्च व्हायला हवी.

चहा-कॉफीला थोडी सुट्टी. दुपारनंतरची कॉफी बंद केली. फ्रीलान्सरला हे सांगणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणण्यासारखं. पण झोपेत फरक पडला.

मोठे निर्णय फ्रीजमध्ये. पायरी उतरल्यानंतरच्या आठवड्यात नोकरी, नातं, घर यांबद्दल काहीही ठरवायचं नाही. रागाचा मेसेज लिहायचा, पण पाठवायचा नाही. आणि चक्कर येत असेल तर अॅक्टिवाची किल्ली रूममेटकडे!

एक वही. तारीख, डोस, झोप किती, घालमेल दहापैकी किती. बस्स. तिसऱ्या महिन्यात ‘सगळं वाईटच चाललंय’ असं वाटलं तेव्हा वही उघडली. आकडे सांगत होते, वाईट दिवस चार, बरे दिवस सव्वीस.

सांगा कोणाला तरी. मी रूममेटला, आईला आणि हो, त्या एडिटरलाही सांगितलं. तारखा आधीच ठरवून ज्या आठवड्यात पायरी उतरायची त्या आठवड्यात मी डेडलाइन घेतच नसे. त्याने फक्त ‘ओके, काळजी घे’ म्हटलं. त्यानंतरही कामं येत राहिली!

कौन्सेलिंग मी याच काळात पुन्हा सुरू केलं. गोळीचा आधार कमी होत असताना दुसरा आधार हाताशी असलेला बरा.

एक धोक्याची सूचना मात्र नीट वाचा. शांत उभंही राहवत नाही, अंगात कोणीतरी इंजिन चालू ठेवलंय असं वाटतं, जीव नकोसा होतो, अशी टोकाची अस्वस्थता असेल तर तिला ‘टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नका. तिला अकॅथिसिया म्हणतात, म्हणजे ‘बसू न शकणं’. हे नाव झेक डॉक्टर लादिस्लाव हाश्कोवेत्स यांनी थेट १९०१ मध्ये दिलं होतं. ती काही मनाच्या गोळ्यांमुळे, त्यांचा डोस बदलताना किंवा थांबवताना येऊ शकते आणि तिच्यावर उपचार आहेत. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

आई, थांब!

आईला सगळं सांगायला मी साताऱ्याला गेले. ओरडल्याबद्दल माफी मागितली. ती पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. मग हळूच म्हणाली, ‘अगं, मीही झोपेची अर्धी गोळी घेते. सहा वर्षं झाली. तुझ्या बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी दिलेली. तू एवढं धाडस करतेस, तर मीही उद्यापासून बंदच करते.’

मी स्ट्रिप मागवून घेतली. अल्प्राझोलाम! ‘आई, थांब!’ मी जवळजवळ ओरडलेच, पुन्हा एकदा. कारण मॅडमनी मला बजावून सांगितलं होतं : अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम या जातीच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्यावर एकदम बंद केल्या तर फिटसुद्धा येऊ शकते. ब्रिटनमधल्या प्राध्यापक हेदर अॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं केवळ या गोळ्या सोडणाऱ्यांसाठी दवाखाना चालवला. त्यांचाही मंत्र हाच होता, हळूहळू. लिथियम आणि सायकोसिसच्या गोळ्यांच्या बाबतीतही परस्पर बंद करणं धोक्याचंच. आजार जोरात उलटू शकतो.

आई आता तिच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरतेय. माझ्याहूनही सावकाश.

आपण गंमतीशीर लोक आहोत. २०१५ मध्ये दीपिका पदुकोणने स्वतःच्या डिप्रेशनबद्दल जाहीरपणे सांगितलं. त्यानंतर आपणही थोडं बोलायला लागलो. गोळी ‘सुरू’ करण्याबद्दलची लाज कमी झाली. ‘थांबवण्याबद्दल’ मात्र अजूनही कोणी बोलत नाही. त्यामुळे जो तो आपापल्या हॉलमध्ये रात्री तीन वाजता एकटाच पावलं मोजतो. तुम्ही मोजत असाल तर आधी आतल्या खोलीतल्या माणसाला उठवा. घरात कोणी नसेल तर १४४१६ फिरवा. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, २०२२ पासून सुरू, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं. जिवाचं बरं-वाईट करावंसं वाटत असेल तर मात्र एकटे राहू नका, कोणाला तरी घेऊन थेट हॉस्पिटल गाठा.

मी सध्या सव्वा मिलीग्रॅमवर आहे. सातवा महिना चालू आहे. पुढची पायरी कधी, हे पुढच्या भेटीत ठरेल. कदाचित शून्य, कदाचित अजून थोडे दिवस इथेच. काकूला परवा सांगितलं, ‘हो, गोळी चालू आहे.’ तिने भुवया उंचावल्या. मी दुसरा लाडू घेतला.

रात्री आईचा फोन येतो. पूर्वी ती विचारायची, ‘जेवलीस का?’ आता विचारते, ‘जेवलीस का? आणि आज कितव्या पायरीवर?’

‘त्याच,’ मी म्हणते. ‘तू?’

‘मीपण त्याच. घाई कुठे आहे?’